खिशातलं घड्याळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशातल्या घड्याळाबद्दल विचारणारे लोक ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकाच्या घरी कपाट आवरताना आजोबांचं किंवा पणजोबांचं घड्याळ निघालेलं असतं. दुसऱ्याला लग्नात जाकिटावर मिरवायला साखळीचं घड्याळ हवं असतं. दोघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत. एक मत आधीच सांगून ठेवतो, कारण ते पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे: आधी घड्याळजी शोधा, घड्याळ नंतर.

घरात जुनं घड्याळ सापडलं आहे. चावी देऊन बघू का?

दोन-तीन फेरे द्या, टिकटिक ऐका आणि थांबा. पूर्ण चावी देऊन आठवडाभर चालवू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळातलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तशा अवस्थेत मशीन चालवलं की चाकांच्या आसांची बारीक टोकं कोरडी घासली जातात. घड्याळ चालतंय म्हणून घरचे खूश होतात, पण आत झीज चालू असते.

चावी फिरतच नसेल तर घरातलं कुणी तरी हमखास म्हणतं, ‘जास्त चावी दिल्यामुळे बिघडलं.’ चांगल्या स्थितीतल्या घड्याळाला शेवटपर्यंत चावी दिल्याने काही होत नाही. ती शेवटपर्यंतच द्यायची असते. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असून घड्याळ बंद असेल, तर बहुतेक वेळा कारण सुकलेलं तेल आणि धूळ एवढंच असतं. जोर लावून मात्र फिरवू नका.

ओपन फेस, हंटर, हाफ हंटर म्हणजे काय?

तबकडीवर फक्त काच असेल तर ओपन फेस. काचेवर धातूचं झाकण असेल तर हंटर. झाकणाच्या मधोमध छोटी गोल खिडकी असून तिच्याभोवती आकडे कोरलेले असतील, तर हाफ हंटर; झाकण न उघडता वेळ कळते.

ओपन फेसमध्ये डोक्यावरची चावी बाराच्या आकड्याशी असते, हंटरमध्ये तिनाशी. सेकंदांची छोटी तबकडी दोन्हींत सहाच्या जागी. ओपन फेसच्या केसमध्ये (म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचात) चावी तिनाशी दिसली, तर हंटरचं मशीन दुसऱ्या केसमध्ये बसवलं असण्याची शक्यता मोठी. कारखान्यातूनही अशी काही घड्याळं निघाली आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून विकणाऱ्याला लबाड ठरवू नका. पण विचारा जरूर.

हंटर वापरणाऱ्यांसाठी एक सवय: झाकण बंद करताना टप्पकन दाबू नका. डोक्यावरची चावी दाबून धरा, झाकण मिटवा, मग चावी सोडा. झाकण अडकवणारा खटका पोलादी आणि झाकणाची कड सोन्याची किंवा चांदीची असते. टप्पकन मिटलेलं प्रत्येक झाकण ती कड थोडी थोडी झिजवतं, आणि झिजलेलं झाकण पुढे मिटतच नाही. सिनेमात नायक एका हाताने झाकण फटकन मिटवतो ते दिसायला छान असतं, तेवढंच.

‘१७ ज्वेल्स’ लिहिलंय. म्हणजे आत सतरा माणकं आहेत? किंमत किती येईल?

माणकं आहेत, किंमत शून्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती कृत्रिमच बनतात आणि त्यांचं काम दागिन्याचं नसून बेअरिंगचं आहे. चाकाच्या आसाचं टोक पितळेत फिरलं तर भोक झिजून लांबट होतं. माणकात फिरलं तर पिढ्या जातात. बॅलन्स (मागेपुढे झोके घेणारं चाक) आणि एस्केपमेंट (चाकांना एकेक टप्पा पुढे सोडणारा भाग) यांच्या महत्त्वाच्या जागा धरल्या तर साध्या लिव्हर घड्याळात ७ ज्वेल, बऱ्यापैकी घड्याळात १५, सगळ्या मुख्य चाकांना धरून १७, आणि त्यापुढे २१, २३. सतराच्या पुढचा फायदा हळूहळू कमी होत जातो. उत्तम ठेवलेलं १५ ज्वेलचं घड्याळ हे आबाळ झालेल्या २३ ज्वेलपेक्षा कधीही चांगलं.

मोजकेच ज्वेल असलेली किंवा एकही नसलेली घड्याळंही असतात. स्वित्झर्लंडमधल्या जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफने १८६७ च्या सुमारास कामगाराला परवडेल असं घड्याळ बनवलं. एक चाक कमी, माणकांऐवजी पोलादी खुंट्या, भाग मोजकेच. तबकडीवर किंवा मशीनवर ‘सिस्टीम रॉस्कॉफ’ लिहिलेलं घड्याळ सापडलं तर ते याच कुळातलं. त्याची टिकटिक शेजारच्या खोलीत ऐकू येते. असं घड्याळ विकून पैसे येणार नाहीत, पण ज्याने ते पहिल्या पगारातून घेतलं असेल त्याच्यासाठी ती मोठी खरेदी होती.

रेल्वेचं घड्याळ म्हणजे काय? सगळेच ‘रेल्वे’ म्हणून का विकतात?

कारण त्या शब्दाने किंमत वाढते. मुळात ही कल्पना अमेरिकेतली. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका चालकाचं घड्याळ मध्ये चार मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, असं सांगितलं जातं. त्यानंतर वेब बॉल या क्लीव्हलंडच्या जवाहिऱ्याकडे घड्याळं तपासण्याचं काम आलं आणि हळूहळू कडक नियम तयार झाले: ओपन फेस, चावी बारापाशी, किमान १७ ज्वेल, ठळक आकडे, आडवं, उभं अशा पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेलं, आणि आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन या कंपन्यांची या वर्गातली घड्याळं आजही यंत्र म्हणून अव्वल आहेत. हॅमिल्टनचं ९९२ हे त्यातलं सर्वांत ओळखीचं.

यांतल्या बहुतेकांत चावी ओढून काटे फिरवता येत नाहीत. काचेची कड फिरवून काढायची, तबकडीच्या काठाला लपलेली छोटी पट्टी नखाने बाहेर ओढायची आणि मग चावी फिरवून वेळ लावायची. काम करताना चुकून काटे हलू नयेत म्हणून ही सोय. हे माहीत नसलेले लोक चावी ओढून ओढून ती उपटतात. चावी ओढली जात नसेल तर आधी ती पट्टी शोधा.

आपल्याकडे गार्ड आणि स्टेशनमास्तर यांच्याकडेही घड्याळं असत, पण बाजारात ‘रेल्वे रेग्युलेटर’ असं लिहिलेली आणि इंजिनाचं चित्र कोरलेली जी घड्याळं मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचा रेल्वेशी संबंध त्या चित्रापुरताच. इंजिनाचं चित्र ही तेव्हाही विक्रीची युक्ती होती.

मुंबईपुरती एक गंमत. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चालायची आणि मुंबई शहर मुंबई वेळेवर. दोहोंत साधारण अर्ध्या तासाचा फरक. प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली वेळ बरीच वर्षं सोडली नाही. ती नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. गाडी पकडायला निघालेल्या मुंबईकराला खिशातलं घड्याळ बघून मनातल्या मनात बेरीज करावी लागत असणार.

आमच्या घड्याळावर ‘बॉम्बे – कलकत्ता’ लिहिलंय. ते इथे बनलं का?

नाही, मशीन जवळजवळ नक्की स्विस. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या तबकडीवर ही दोन शहरं दिसतात, कारण तिचा धंदा तिथे होता. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनीही एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत होती. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीसारख्या पेढ्या तर परदेशी घड्याळांवर स्वतःचं नाव घालून विकत. म्हणजे तबकडीवरचं नाव बरेचदा विकणाऱ्याचं असतं, करणाऱ्याचं मशीनवर. म्हणून मागचं झाकण उघडल्याशिवाय कुठलंही घड्याळ ‘कळलं’ असं समजू नये.

भारतात बनलेलं हवं असेल तर एचएमटी. बंगळूरचा हा सरकारी कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. मनगटी घड्याळांसाठीच तो ओळखला जातो, पण त्यांनी खिशातली घड्याळंही काढली. अंधांसाठीच्या घड्याळात झाकण उघडून काटे बोटांनी चाचपता येत. २०१६ मध्ये घड्याळांचा व्यवसाय बंद झाला. साधी, टणक, दुरुस्त होणारी घड्याळं. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बिनधास्त सुचवतो. फक्त पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांपासून सावध.

मागचं झाकण कसं उघडायचं? घड्याळ किती जुनं ते कसं कळेल?

कडेला नखापुरती फट किंवा ओठ दिसला तर बिजागरीचं झाकण, नखाने उचला. काहीच दिसत नसेल तर ते फिरकीचं असू शकतं: तळवा घट्ट टेकवून डावीकडे फिरवा. अमेरिकी घड्याळांत हे फार. स्वयंपाकघरातली सुरी जवळ आणू नका. जुन्या घड्याळांच्या पाठीवर चाकूचे ओरखडे असतात, ते असेच आलेले.

आत अमेरिकी मशीन असेल तर नशीब चांगलं: मशीनवरच्या क्रमांकावरून वर्ष काढण्याच्या याद्या इंटरनेटवर आहेत. केसवरचा क्रमांक त्यासाठी उपयोगाचा नाही, मशीनवरचाच हवा. इंग्रजी चांदीच्या केसवर चालता सिंह म्हणजे शुद्ध चांदीची, हजारात ९२५ ची खूण; नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन; सोबतच्या अक्षरावरून वर्ष निघतं. ते वर्ष मात्र केसचं. स्विस घड्याळांचं वर्ष काढणं बरेचदा अवघड जातं.

यंत्रावरूनही अंदाज येतो. चावी द्यायला सुटी किल्ली लागत असेल तर घड्याळ बहुधा एकोणिसाव्या शतकातलं. बिनकिल्लीची पद्धत १८४० च्या दशकात आली, पण सगळीकडे पसरायला पुढची काही दशकं गेली. बारीक सायकलच्या साखळीसारखी साखळी आत शंकूवर गुंडाळलेली दिसली तर ते जुन्या इंग्रजी बांधणीचं आहे. त्याला स्वतः हात लावू नका. ती साखळी तुटली तर जोडणारा माणूस शोधत बसावं लागेल.

सोन्याचं आहे का? सराफाकडे नेऊ?

न्या, पण कसोटीवर घासू देऊ नका आणि ‘मोडीत किती येतील’ हा प्रश्न पहिला विचारू नका. आत कॅरेटचा आकडा आणि हॉलमार्क दोन्ही असतील तर सोनं. ‘२० वर्षांची हमी’, ‘२५ वर्षांची हमी’ अशा अर्थाचं काही कोरलेलं असेल तर ते सोनं नाही. ती हमी पितळेवरच्या सोन्याच्या पातळ पत्र्याची आहे: इतकी वर्षं वापरूनही पितळ उघडं पडणार नाही, एवढीच. आणखी एक जागा फसवते. बाहेरचं झाकण सोन्याचं आणि आतलं दुसरं झाकण साध्या धातूचं, असं अनेक खऱ्या सोन्याच्या घड्याळांत असतं. वजनकाट्यावर अख्खं घड्याळ ठेवून सोन्याचा हिशेब करणारा एक तर अडाणी, नाही तर हुशार.

केस वितळवली की मशीन उघडं पडतं आणि त्या मापाची दुसरी केस सहसा मिळत नाही. सोन्याचे भाव चढले की चांगली मशीनं अशीच भंगारात जातात. पैशांची निकड असेल तर गोष्ट वेगळी.

मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून घ्यावं का?

फिरायला अवश्य जा. मटन स्ट्रीटवर तासभर नुसतं बघण्यातही बरंच शिकायला मिळतं, आणि पुण्यात रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात पाय निघत नाही. पण तिथे तीन जातींचा माल एकत्र मांडलेला असतो. खरं जुनं घड्याळ. खरं मशीन पण केस, काटे, तबकडी तीन ठिकाणांहून आणलेलं. आणि पितळी केसमध्ये नवं मशीन घालून ‘लंडन’, ‘व्हिक्टोरिया’ आणि एखादं साल ठोकलेलं शोभेचं घड्याळ. शेवटचं ओळखणं सोपं आहे. एकाच दुकानात एकसारखी पाच दिसली की समजा. तेही घ्यायला हरकत नाही, शोभेच्या किमतीत.

तबकडीवर बोट फिरवा. जुनी पांढरी तबकडी तांब्यावर भाजलेल्या मिन्याची असते: गार, काचेसारखी, आकडे किंचित बुडालेले. तिला केसासारखे तडे असणं हे वयाला शोभणारं आहे. चकचकीत रंग, आकडे जरा तिरके, आणि मोठ्या स्विस कंपनीचं नाव जाडसर अक्षरांत असेल तर ती नंतर छापलेली. नाव जितकं मोठं तितका संशय मोठा.

घेण्याआधी उभ्याउभ्या काय तपासू?

मागचं झाकण उघडायला सांगा. ‘उघडत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आत गंज आहे का, स्क्रूंच्या खाचा छिललेल्या आहेत का ते बघा. छिललेल्या खाचा म्हणजे आधी अनेकांनी प्रयोग केले आहेत. थोडी चावी देऊन बॅलन्सचं चाक बघा. ते मोकळेपणी मोठा झोका घेत असेल तर छान. नुसतं थरथरत असेल तर सर्व्हिसिंग तरी लागेल. मग घड्याळ तबकडी वर, तबकडी खाली आणि चावी वर अशा तिन्ही स्थितींत काही मिनिटं ठेवा. एका स्थितीत चालतं आणि दुसऱ्या स्थितीत बंद पडतं, तर बॅलन्स स्टाफचं टोक मोडलेलं असण्याचा संभव आहे. हा नाजूक आस आहे आणि घड्याळ खाली पडलं की पहिला तोच जातो, कारण जुन्या घड्याळांत धक्का झेलणारी व्यवस्था नसते. तो बदलायला तयार भाग मिळेल की लेथवर बनवावा लागेल, यावर खर्च ठरतो. आणि इथेच घड्याळजीची ओळख आधी असल्याचा फायदा होतो: फोटो पाठवून विचारता येतं.

बॅटरीचं घेतलं तर?

लग्नापुरतं हवं असेल तर घ्या. वेळ अचूक, खर्च कमी. नवं पण चावीचं हवं असेल तर टिसोसारख्या कंपन्या आजही खिशातली घड्याळं करतात. रशियातल्या चेल्याबिन्स्कची जुनी मोल्निया घड्याळंही परवडणाऱ्यांत येतात. मशीन दणकट असतं. पण ऑनलाइन मिळणारी, आतली चाकं दिसावीत म्हणून तबकडी कापलेली स्वस्तातली चावीची घड्याळं टाळा. ती बिघडली की दुरुस्त करणं नवं घेण्यापेक्षा महाग पडतं.

घालायचं कसं? जाकीट नसेल तर?

जाकीट किंवा कोट असेल तर प्रश्नच नाही. साखळीच्या टोकाला आडवी दांडी असते, ती बटणाच्या काजातून आत घालायची आणि घड्याळ डाव्या खिशात. उजव्या हाताला सोपं जातं. काज कुठला? साधारण खिशाच्या रेषेतला. साखळीला थोडा झोल हवा, पण गळ्यातल्या हारासारखी लोंबायला नको.

झब्ब्याच्या छातीवरच्या खिशात नुसतं ठेवू नका, नमस्काराला वाकलात की बाहेर. ठेवायचंच तर साखळी बटणपट्टीला अडकवा. बाजूचा खिसा खोल असतो, तो बरा. जीन्सच्या उजव्या खिशावरचा छोटा खिसा मुळात घड्याळासाठीच होता, पण आताचे खिसे आखूड आणि जुनी पुरुषी घड्याळं केससकट पन्नास मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकी मापातलं १२ नंबरचं घड्याळ पातळ आणि लहान असतं, ते बसू शकतं. त्याच खिशात नाणी किंवा किल्ल्या मात्र नकोत.

साडीवर किंवा कुर्त्यावर लावायचं असेल तर पिनेने टाचायची छोटी घड्याळं बघा, परिचारिकांची असतात तशी. त्यांची तबकडी मुद्दाम उलटी लावलेली असते, म्हणजे घालणारीला सरळ दिसते. गळ्यातली पेंडंट घड्याळंही आहेत, पण बाजारात त्यांत बॅटरीचीच जास्त.

किती बरोबर वेळ दाखवायला हवी?

सर्व्हिसिंग झालेल्या साध्या जुन्या घड्याळात दिवसाला मिनिट-दोन मिनिटांचा फरक मी चालवून घेतो. चांगलं रेल्वे वर्गातलं याहून खूप बरं चालतं. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी चावी द्या. एका चावीत ते दिवसभर आणि वर काही तास चालतं. रात्री आडवं न ठेवता छोट्या स्टँडवर लटकवलं तर खिशातल्यासारखीच स्थिती राहते आणि फरक कमी पडतो. बॅलन्सवर एक छोटा काटा असतो: इंग्रजी घड्याळावर त्याच्याशेजारी एस (हळू) आणि एफ (जलद), स्विस घड्याळावर आर (हळू) आणि ए (जलद). तो केसभर सरकवला तरी दिवसाचा हिशेब बदलतो. हात स्थिर नसेल तर सरकवू नका, बाजूलाच हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग आहे.

काल बरोबर चालणारं घड्याळ आज अचानक पंधरा-वीस मिनिटं पुढे जायला लागलं, तर ते बहुधा चुंबकाने पकडलंय. मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ, स्पीकरवर, वायरलेस चार्जरशेजारी ठेवल्याने हे होतं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्सचा झोका आखूड होतो. घड्याळजीकडे चुंबकत्व घालवायचं यंत्र असतं, काम मिनिटभराचं.

चांगला घड्याळजी कसा ओळखायचा?

एक प्रश्न विचारा: ‘मशीन पूर्ण खोलून धुणार का?’ न खोलता पेट्रोलमध्ये बुचकळून वर तेलाचे थेंब टाकणारे आजही आहेत. पूर्ण खोलणारा माणूस वेळ मागेल, आणि परत देताना काही दिवस स्वतःकडे चालवून बघेल. त्याच्या टेबलावर उघडलेलं मशीन काचेच्या घुमटाखाली झाकलेलं असेल तर निम्मं काम झालं. असे लोक आता कमी आहेत आणि बहुतेकांची मुलं या धंद्यात नाहीत, म्हणून ओळख झाली की टिकवा. नियमित वापरातल्या घड्याळाला चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं. त्याचे पैसे घड्याळाच्या किमतीतच धरा.

गांधीजींच्या कमरेचं घड्याळ कुठलं होतं?

लिलावात गाजलं ते झेनिथ. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, चपला, ताट-वाटी आणि हे घड्याळ एकत्र विकलं गेलं. विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरला घेतलं. तसलंच झेनिथ दुसऱ्या कुणाचं असतं तर या रकमेच्या जवळपासही गेलं नसतं. तुमच्या घरच्या घड्याळालाही हेच लागू आहे, लहान प्रमाणात. कोणी घेतलं, कधी, कुठल्या नोकरीत असताना, हे माहीत असणारं माणूस घरात आहे तोवर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घड्याळासोबत ठेवा. जुनी पावती, साखळी घातलेला फोटो मिळाला तर फारच उत्तम.

मी परदेशात राहतो. आजोबांचं घड्याळ सोबत नेता येईल?

शंभर वर्षांच्या आतलं, साधं घड्याळ असेल तर सहसा अडचण येत नाही. त्याहून जुनं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्या. पुरावस्तू ठरणारी गोष्ट खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या, विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

सुटी किल्ली हरवली आहे.

नवी मिळते. किल्ल्यांना क्रमांक असतात आणि तारेच्या आकाराची, पाच-सहा मापांची एकत्र किल्लीही येते. मापाला किंचित मोठी किल्ली चालवून घेऊ नका, चौकोनी दांड्याचे कोपरे गोल होतात. काटे फिरवायचा चौकोन बरेचदा वेगळ्या मापाचा असतो, तोही मोजून घ्या. आणि इंग्रजी घड्याळं बहुधा उलट्या दिशेने चावी घेतात: फिरत नसेल तर जोर करण्याआधी दुसरी बाजू बघा.